काळजाचा ठोका आणि शिंक : प्रस्तावना

शिंक येते त्या क्षणी माणसाचे हृदय थांबते आणि शिंक संपताच ते पुन्हा सुरू होते, ही समजूत मराठी घरांत इतकी रुळलेली आहे की तिला पुरावा मागावा असे सहसा कोणाला वाटत नाही. सामान्यज्ञानाच्या छोट्या पुस्तिकांत, रविवारच्या पुरवण्यांतील चौकटींत, शाळेच्या फळ्यावर रोज बदलणाऱ्या माहितीच्या ओळीत आणि अलीकडे मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत ती जवळजवळ त्याच शब्दांत आढळते. पुष्कळदा तिच्यासोबत आणखी दोन विधाने येतात : डोळे उघडे ठेवून शिंकल्यास ते खोबणीतून बाहेर पडतील हे एक, आणि शिंकेचा वारा ताशी १६० किलोमीटर वेगाने सुटतो हे दुसरे. प्रस्तुत पुस्तक या तिन्ही विधानांचा, त्यातही पहिल्याचा, तपास करते. तिन्ही विधाने कसोटीला उतरत नाहीत हे आरंभीच सांगून टाकलेले बरे; परंतु तेवढे सांगून थांबण्यासाठी पुस्तकाची गरज नव्हती. काही बिघडले की 'कुठे माशी शिंकली' असे विचारण्याची मराठीत रीत आहे, आणि या समजुतीलाही तोच प्रश्न विचारावा लागतो : शरीरात खरोखर घडणाऱ्या कोणत्या गोष्टीपासून ती निघाली आणि नेमकी कोणत्या वळणावर ती वाट चुकली?

या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाने आधी शिंक म्हणजे काय हे पाहावे. नाकाच्या आतले ओलसर अस्तर धूळ, परागकण, तपकिरीची चिमूट किंवा तव्यावर करपलेल्या मिरचीचा खकाणा यांनी चेतवले गेले की त्याची वर्दी त्रिशाखी मज्जातंतूवाटे, म्हणजे चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या तीन फांद्यांच्या मोठ्या मज्जातंतूवाटे, मस्तिष्कस्तंभात पोचते. मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणाऱ्या या भागातच श्वास, गिळणे, खोकला आणि उलटी यांचीही सूत्रे असतात. तेथे वर्दीचा जोर एका मर्यादेपलीकडे गेला की पुढचे सारे माणसाच्या इच्छेवाचून घडते, आणि म्हणूनच शिंकेला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. प्रथम खोल श्वास आत घेतला जातो. मग स्वरयंत्रातील फट, जिला कंठद्वार म्हणतात, ती मिटते. छातीचे आणि पोटाचे स्नायू आवळले जातात, त्यामुळे कोंडलेल्या हवेचा दाब वाढतो. आणि कंठद्वार एकदम उघडताच ती हवा नाकातोंडावाटे बाहेर फेकली जाते. पापण्यांचे मिटणे याच क्रियेचा एक भाग आहे. डोळ्यांना त्यांच्या जागी राखण्याचे काम पापण्या करीत नाहीत. ते काम प्रत्येक डोळ्याला बांधलेले सहा स्नायू, दृष्टीचा मज्जातंतू आणि खोबणीतील चरबी यांचे आहे. नाकातील दाबाला डोळ्यामागे जायला धड शरीरात वाटच नाही. काही माणसे डोळे उघडे ठेवून शिंकू शकतात आणि त्यांना काहीही होत नाही. दुसऱ्या समजुतीचा निकाल इतक्या थोडक्यात लागतो. पहिलीचा लागत नाही, कारण तिच्यात सत्याचा एक कण आहे.

तो कण ओळखण्यासाठी हृदय कोणाच्या आज्ञेने चालते हा जुना वाद समजून घ्यावा लागतो. शरीरातून काढलेले हृदय काही काळ आपले आपण धडधडत राहते, हे गेलनसारख्या प्राचीन वैद्यांना ठाऊक होते, आणि विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये रक्ताभिसरणावरील आपल्या ग्रंथात बाम माशासारख्या लांबट ईल माशाच्या काढलेल्या हृदयाचा उल्लेख केला आहे. तरीही एकोणिसाव्या शतकातील शरीरक्रियाशास्त्रज्ञांत दोन पक्ष पडले. एका पक्षाच्या मते हृदयाच्या भिंतीत सापडलेले मज्जापेशींचे पुंजके ठोक्याची आज्ञा देतात आणि स्नायू ती फक्त पाळतो. दुसऱ्या पक्षाच्या मते ठोका स्नायूतच जन्मतो आणि मज्जातंतू त्याची गती कमीजास्त करतात, एवढेच. पहिल्या पक्षाच्या हाती मोठे बळ होते. १८४५ मध्ये अर्न्स्ट आणि एडुआर्ड वेबर या बंधूंनी दाखवून दिले होते की मेंदूपासून छातीपोटापर्यंत उतरणारा व्हेगस मज्जातंतू विजेने उद्दीपित केला तर हृदय मंदावते, इतकेच नव्हे तर थांबतेसुद्धा. मज्जातंतू हृदय थांबवू शकतो, ही गोष्ट अशा रीतीने प्रयोगशाळेत सिद्ध झालेली होती. मात्र उद्दीपन चालू ठेवले तरी काही वेळाने हृदय स्वतःहून पुन्हा धडधडू लागते, हा त्याच निरीक्षणाचा उत्तरार्ध लोकांच्या बोलण्यात कधी आला नाही.

वादाचा कल दुसऱ्या पक्षाकडे झुकला तो केंब्रिजच्या वॉल्टर गॅस्केल यांच्या १८८० च्या दशकातील प्रयोगांनी. कासवाच्या हृदयाचे तुकडे वेगळे करून त्यांनी दाखवले की ठोक्याची लाट एका टोकाला उठते आणि स्नायूतूनच पुढे सरकते. पुढे विल्हेल्म हिस यांनी १८९३ मध्ये हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणारी विशेष स्नायूची पट्टी वर्णिली, जपानी संशोधक सुनाओ तवारा यांनी १९०६ मध्ये त्या पट्टीच्या उगमाशी असलेली गाठ दाखवली आणि १९०७ मध्ये आर्थर कीथ व मार्टिन फ्लॅक यांनी उजव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीतील ती छोटी जागा प्रसिद्ध केली जिथून प्रत्येक ठोका निघतो. या जागेला सायनस नोड किंवा सोप्या भाषेत हृदयाचा स्वतःचा गतिकारक म्हणतात. त्याच्या पेशी कोणी न सांगता ठरावीक काळाने विद्युत्‌भार सोडतात; विश्रांतीत मिनिटाला साधारण सत्तर ठोके धरले तर दिवसाला एक लाख होतात. हृदयरोपणाने ही गोष्ट माणसातच सिद्ध केली. दात्याचे हृदय काढताना त्याचे सर्व मज्जातंतू तुटतात आणि तरीही नव्या छातीत ते चालू लागते. केप टाऊन येथे डिसेंबर १९६७ मध्ये पहिले रोपण झाल्यावर दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातला पहिला प्रयत्न केला. तो रुग्ण वाचला नाही, आणि देशातील पहिले यशस्वी रोपण १९९४ साली दिल्लीत व्हावे लागले. पण या शस्त्रक्रियांच्या मुळाशी असलेले तत्त्व तेच होते. ज्या हृदयाला चालण्यासाठी मेंदूचा धागाही लागत नाही, ते शिंकेच्या वाऱ्याने बंद पडावे, हे मुळातच अवघड आहे.

तरीही शिंकेच्या वेळी छातीत काहीतरी घडते, आणि ज्यांना ते जाणवले त्यांना भ्रम झालेला नसतो. खोल श्वास घेताना छातीतील दाब उतरतो आणि हृदयाकडे परतणारे रक्त वाढते. लगेच पुढच्या क्षणी कंठद्वार मिटून स्नायू आवळले गेले की दाब चढतो आणि परतणारे रक्त अडते. हवा सुटताच तो पुन्हा उतरतो आणि रक्ताचा लोंढा हृदयात शिरतो. रक्तवाहिन्यांच्या भिंतींत दाब मोजणाऱ्या संवेदक पेशी असतात, त्या हे चढउतार मस्तिष्कस्तंभाला कळवतात आणि व्हेगस मज्जातंतू हृदयाची गती किंचित बदलतो. तोंड व नाक मिटून जोराने हवा दाबली असता असेच घडते, आणि सतराव्या-अठराव्या शतकांतील इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ आन्तोनियो माऱ्या व्हाल्साल्वा यांच्या नावाने ती क्रिया ओळखली जाते. शिंकेत हे सारे एखाद्या सेकंदात उरकते. परिणाम असा की दोन ठोक्यांमधले अंतर थोडे लांबू शकते, आणि त्यानंतरच्या ठोक्याला हृदयात अधिक रक्त साठलेले असल्याने तो छातीत जोराने जाणवतो. मराठीत भीतीने 'काळजाचा ठोका चुकला' असे म्हणतात, आणि लोकांच्या अनुभवाला तो शब्दप्रयोग अगदी चपखल बसतो. पण लांबलेले अंतर म्हणजे बंद पडणे नव्हे. हृदयाच्या विद्युत्‌आलेखाची रेघ शिंकेतही चालू असते.

येथे एक अपवाद प्रामाणिकपणे नोंदवायला हवा, कारण समजूत खोडून काढताना दुसऱ्या टोकाला जाणे हाही एक दोष आहे. शिंकताना माणूस बेशुद्ध पडल्याच्या थोड्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदल्या गेल्या आहेत. त्यांत हृदयाच्या विद्युत्‌वहनाचा आजार असलेले किंवा हृदयाची गती मंद करणारी औषधे, काही वेळा डोळ्यांत घालायचे थेंबही, घेणारे रुग्ण आढळतात. अशा माणसाला शिंकेनंतर घेरी येत असेल तर त्याने डॉक्टरांना दाखवावे. निरोगी माणसाच्या शिंकेविषयी मात्र या घटनांवरून कोणताही निष्कर्ष निघत नाही.

समजुतीचे दुसरे मूळ शरीरात नसून समाजात आहे, आणि या क्षेत्रातील सर्वांत समृद्ध साहित्य तिथेच सापडते. शिंक आली की काहीतरी बोलण्याची चाल जगात फार दूरवर पसरलेली आहे. मराठी घरात लहान मूल शिंकले की वडीलधारे 'शतायुषी हो' म्हणतात. बाहेर पडताना उंबरठ्यावर कोणी शिंकले तर क्षणभर टेकून, घोटभर पाणी पिऊन मग निघायचे, ही रीतही अजून पुसलेली नाही. आपल्याकडे शिंक विघ्नाची सूचक, तर ग्रीकांकडे ती शुभ. होमरच्या ओडिसीत टेलेमाकस मोठ्याने शिंकतो तेव्हा पेनेलोपी हसते आणि आपल्या बोलण्याला कौल मिळाला असे समजते. इसवी सनापूर्वी ४०१ मध्ये इराणच्या साम्राज्यात अडकलेल्या ग्रीक सैन्यापुढे क्सेनोफन बोलत असताना एक सैनिक शिंकला, तेव्हा सर्वांनी एकदम देवाला वंदन केले. अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या प्रश्नसंग्रहात तर शिंक पवित्र का आणि ढेकर का नाही, असा प्रश्न गंभीरपणे चर्चिला आहे. एकाच शारीरिक क्रियेला दोन संस्कृतींनी नेमके उलटे अर्थ दिले, ही एकच गोष्ट शकुनाचा निकाल लावायला पुरेशी ठरावी.

परंतु भारताच्या मातीत या विषयावर जो सर्वांत सुंदर प्रसंग नोंदला गेला, तो मराठी वाचकांना फारसा माहीत नाही आणि म्हणून तो येथे सविस्तर सांगणे योग्य आहे. पाली विनयपिटकातील चुल्लवग्गात अशी कथा आहे की धर्मोपदेश चालू असताना बुद्धांना शिंक आली आणि भिक्षूंनी 'भगवान चिरंजीव होवोत' असा मोठा गलका केला, त्यामुळे उपदेशात खंड पडला. बुद्धांनी विचारले, असे म्हटल्याने कोणी जगतो किंवा मरतो काय? भिक्षूंनी नाही म्हटले, आणि शिंकेनंतर दीर्घायुष्य चिंतण्यास बुद्धांनी मनाई केली. पण पुढे गृहस्थ लोक शिंकणाऱ्या भिक्षूंना 'चिरंजीव व्हा' म्हणू लागले आणि भिक्षू मनाई पाळून गप्प राहू लागले. लोक नाराज झाले, 'हे कसले श्रमण, साधा उलट आशीर्वाद देत नाहीत' अशी कुरकुर सुरू झाली. ती बुद्धांच्या कानी गेली तेव्हा त्यांनी सांगितले की गृहस्थांना मंगल वचन आवडते, म्हणून त्यांनी असे म्हटले तर भिक्षूंनीही 'चिरकाल जगा' असे उत्तर द्यावे. समजुतीला तर्काने थेट प्रश्न विचारणे आणि तरीही समजूत बाळगणाऱ्या माणसाचे मन राखणे, या दोन्ही गोष्टी या एका छोट्या कथेत एकत्र आल्या आहेत. या पुस्तकाच्या लेखनदृष्टीला जर कोणाचे ऋण असेल तर ते या कथेचे आहे.

आशीर्वादाच्या चालीचे जे स्पष्टीकरण आजकाल सर्वत्र दिले जाते, तेही तपासून पाहण्यासारखे आहे. इसवी सन ५९० च्या सुमारास रोममध्ये प्लेग पसरला असता पोप ग्रेगरी यांनी शिंकणाऱ्याला देवाचा आशीर्वाद द्यायला सांगितले आणि तेथून ही रीत सुरू झाली, असे म्हटले जाते. परंतु पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी यांनी आपल्या निसर्गविषयक ग्रंथात शिंकेनंतर शुभ चिंतण्याची चाल नोंदली असून सम्राट टायबेरियस तिच्याबाबत काटेकोर होता असे सांगितले आहे. पाली साहित्यातील दाखलाही प्लेगच्या कथेहून जुना आहे. म्हणजे एका समजुतीचे स्पष्टीकरण म्हणून सांगितली जाणारी गोष्ट स्वतःच दुसरी समजूत निघाली. एडवर्ड टायलर यांनी १८७१ मध्ये आदिम संस्कृतीवरील आपल्या ग्रंथात शिंकेच्या चालींचा लांब आढावा घेऊन त्यांना जुन्या श्रद्धांचे उरलेले अवशेष मानले : शिंकेबरोबर आत्मा बाहेर जातो किंवा भूत आत शिरते, या कल्पना मागे पडल्या आणि आशीर्वाद तेवढा राहिला. टायलर यांची सर्व मते आज मानववंशशास्त्रज्ञ स्वीकारत नाहीत. पण शिंकेच्या क्षणी जीव धोक्यात असतो ही जुनी भावना 'हृदय थांबते' या आधुनिक वाक्यात नवे वस्त्र घालून आली असावी, असे मानायला जागा आहे. आत्म्याच्या जागी हृदय आले, एवढाच फरक.

भारतीय वैद्यकाची वाट या दोन्हींहून वेगळी आहे. आयुर्वेदात शिंकेला क्षवथु म्हणतात, आणि चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात जे तेरा नैसर्गिक वेग अडवू नयेत असे सांगितले आहे, त्यांत मलमूत्र, भूक, तहान, झोप आणि अश्रू यांच्या बरोबरीने शिंकही आहे. ती दाबल्यास मान आखडणे, डोकेदुखी, अर्धशिशी, चेहऱ्याचा लकवा आणि इंद्रियांची दुर्बलता होते, असे तेथे म्हटले आहे. या यादीतील प्रत्येक विकार आजच्या वैद्यकाने मान्य केलेला नाही, आणि तसा दावा हे पुस्तक करीत नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की चरकांनी शिंकेकडे शकुन म्हणून न पाहता शरीराला लागणारी क्रिया म्हणून पाहिले. शिंक येत नसेल तर ती आणावी कशी हेही या परंपरेने सांगितले : तीक्ष्ण धूर, नस्य म्हणजे नाकात घालायचे औषध आणि सूर्याकडे पाहणे. खेड्यापाड्यांत नाकशिंकणी या नावाने ओळखली जाणारी बारीक वनस्पती याच कामासाठी चुरगाळून हुंगली जात असे.

सूर्याकडे पाहून शिंक येते, हे निरीक्षण सुश्रुतसंहितेत आहे, वाग्भटांच्या अष्टांगहृदयात आहे आणि ग्रीक प्रश्नसंग्रहातही आहे. सूर्याची उष्णता शिंक आणते पण विस्तवाची आणत नाही ती का, असे तेथे विचारले आहे. उष्णतेला दोष देणारे हे उत्तर फ्रान्सिस बेकन यांनी मोडले. १६२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात ते नमूद करतात की डोळे मिटून सूर्याकडे तोंड केले तर शिंक येत नाही, म्हणजे कारण उष्णतेत नसून डोळ्यांत आहे. ज्याला हवे त्याला अंगणात करून पाहता येईल असा हा प्रयोग होता, आणि शिंकेच्या अभ्यासातील तो एक सुरेख टप्पा आहे. सूर्याकडे थेट पाहण्याने दृष्टीला इजा होते, त्यामुळे तो आज तसाच करून पाहू नये. ही लकब शेकडा १८ ते ३५ माणसांत असल्याचे अंदाज आहेत. ती घराण्यात उतरते, आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय पाहणीत तिचा दुसऱ्या गुणसूत्रावरील एका जागेशी संबंध आढळला. प्रकाशाची वर्दी शिंकेच्या वाटेवर जाते कशी, हे अजून पूर्णपणे उलगडलेले नाही.

युरोपात मात्र दीर्घकाळ असे मानले जाई की नाकातला शेंबूड मेंदूतून गळतो आणि शिंक मेंदू साफ करते. सतराव्या शतकात जर्मनीतील विटेनबर्गचे कॉन्राड व्हिक्टर श्नायडर यांनी हा समज खोडून काढला; नाकाचा स्राव नाकाच्या अस्तरातूनच होतो हे त्यांनी दाखवले आणि ते अस्तर पुढे त्यांच्याच नावाने ओळखले गेले. १८३३ मध्ये मार्शल हॉल यांनी प्रतिक्षिप्त क्रियेची कल्पना मांडल्यावर शिंकेला योग्य चौकट मिळाली. तिचे तपशील मात्र आजही भरले जात आहेत. २०१२ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले की शिंकेच्या दाबाने नाकातील पक्ष्माभिका, म्हणजे अस्तरावरील कण पुढे ढकलणारे सूक्ष्म केस, जोमाने हलू लागतात. २०२१ मध्ये अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात उंदरांवर झालेल्या अभ्यासात न्यूरोमेडिन बी नावाचा छोटा प्रथिनकण शिंकेची वर्दी मस्तिष्कस्तंभाला पोचवतो असे आढळले. शिंकेचे हे सारे मार्ग नाक, मस्तिष्कस्तंभ आणि श्वासाचे स्नायू यांच्यामधून जातात. हृदय त्यांच्या वाटेवरचे स्थानक नाही.

तिसरी समजूत, म्हणजे वेगाचा आकडा, वेगळ्या घराण्यातली आहे. तिचा जन्म शकुनातून झाला नाही, मोजमापातून झाला. कार्ल फ्ल्युग्गे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तुषारांतून जंतू पसरतात हे दाखवले, विल्यम वेल्स यांनी १९३४ मध्ये मोठे थेंब खाली पडतात आणि लहान थेंब सुकून हवेत तरंगतात हा भेद मांडला, आणि १९४० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत मार्शल जेनिसन यांनी अतिजलद छायाचित्रणाने शिंकेचे तुषार प्रथम स्पष्ट टिपले. त्या काळच्या वेगाच्या अंदाजांशी ताशी १६० किलोमीटरचा आकडा मिळताजुळता आहे. परंतु २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत शिंकेच्या हवेचा कमाल वेग सेकंदाला सुमारे साडेचार मीटर, म्हणजे ताशी सोळा किलोमीटरच्या आसपास आढळला. सायकलस्वाराचा वेग त्याहून फारसा कमी नसतो. भीतीचे खरे कारण वेगात नाहीच. लिडिया बोरुइबा यांनी त्याच संस्थेत दाखवले की शिंकेतून थेंबांबरोबर उष्ण, दमट हवेचा एक ढग सुटतो, तो थेंबांना वाहून नेतो, आणि असा ढग सात-आठ मीटरपर्यंत जाऊ शकतो. वेग कमी निघाला म्हणून काळजी कमी झाली नाही. ती अधिक नेमकी झाली.

हा विषय आजच का महत्त्वाचा, याचे उत्तर या ढगात आहे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने मुंबईत आणि देशभर जे घडवले त्याची आठवण घरोघरी पुसट झाली होती. २०२० नंतर शिंक पुन्हा संशयाची झाली. बसमध्ये, लोकलच्या डब्यात शिंक आली की माणसे ती दाबू लागली. नाक चिमटीत आणि तोंड बंद करून दाबलेल्या शिंकेचा दाब घशाकडे, कानाकडे वळतो. २०१८ मध्ये इंग्लंडमधील लेस्टर येथील डॉक्टरांनी अशा दाबलेल्या शिंकेने ३४ वर्षांच्या निरोगी माणसाचा घसा आतून फाटल्याची घटना वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. अशा घटना दुर्मिळ आहेत. पण शिंक दाबू नये आणि ती रुमालात किंवा कोपरात घ्यावी, हा सल्ला दोन्ही बाजूंनी, शिंकणाऱ्याच्या आणि शेजाऱ्याच्या, योग्य ठरतो. 'शिंकताना हृदय थांबते' असे मानणारा माणूस भीतीपोटी नेमकी उलट गोष्ट करू शकतो, हे या समजुतीचे खरे नुकसान आहे. पुण्यात १९५० च्या दशकात प्रथम नोंदल्या गेलेल्या आणि पुढे देशभर फोफावलेल्या गाजरगवताच्या परागांनी ज्यांना सटासट शिंका येतात, त्यांनी दर शिंकेला हृदयाची धास्ती घ्यावी का, हाही प्रश्न उरतोच.

मराठीत अंधश्रद्धेविरुद्ध लिहिण्याची परंपरा आगरकरांच्या सुधारकापासून, म्हणजे १८८८ पासून, आणि संघटित रूपात नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीपासून ठळक आहे. विज्ञान मराठीत आणण्याचे काम १९२८ पासून निघणारे सृष्टिज्ञान आणि १९६६ मध्ये स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद करीत आली आहेत. या दोन्ही प्रवाहांच्या मधल्या पट्ट्यात मात्र एक उणीव राहिली आहे. शकुन हा शकुन म्हणून ओळखता येतो. पण विज्ञानाचा पेहराव केलेली चुकीची माहिती सुशिक्षित घरातही विनाअडथळा शिरते, आणि जे घर उंबरठ्यावरच्या शिंकेला जुमानत नाही, तेच घर मुलाला शिंकेने हृदय थांबते असे ज्ञान म्हणून शिकवते. प्रस्तुत पुस्तकाचा रोख या दुसऱ्या प्रकारावर आहे. त्यासाठी हृदयविज्ञान, श्वसनविज्ञान, रोगप्रसाराचा अभ्यास आणि लोकाचाराचा इतिहास यांचे तुकडे एकत्र आणले आहेत. प्रत्येक क्षेत्रातील तज्ज्ञाला आपल्या विषयाची मांडणी अपुरी वाटेल, याची जाणीव ठेवूनच. पारिभाषिक संज्ञा जिथे मराठीत रुळल्या आहेत तिथे त्याच वापरल्या आहेत आणि जिथे रुळलेल्या नाहीत तिथे बोलीतील साधे वर्णन पत्करले आहे.

वाचकाला पुस्तकाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्वतः पाहता येईल. शिंक येणार असे जाणवताच मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दुसऱ्या हाताची दोन बोटे ठेवावीत. शिंकेच्या ऐन क्षणी नाडीचा एखादा ठोका हलका लागू शकतो आणि त्यामागून येणारा भरलेला. नाडी म्हणजे हृदयातून निघालेल्या रक्ताची लाट. त्या ठोक्याला हृदयात कमी रक्त भरले असेल तर लाटही लहान उठते. हलकी लाट आणि थांबलेले हृदय यांतला फरक बोटांना कळत नाही. तो विद्युत्‌आलेखात दिसतो.